तीन बाजूंनी घर

मी एकदा काम हातात घेतलं की त्यात कोणाला खोट काढता येत नाही! हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली. अकरा थांबे, सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. या सव्वीस वर्षांत मी एकदाही उशिरा पोहोचलो नाही. माझी बस कोपऱ्यावर दिसली की तिसऱ्या थांब्यासमोरचा न्हावी दुकानातलं घड्याळ लावून घ्यायचा.

मी आणि बस एकाच महिन्यात निवृत्त झालो. शाळेने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बस भंगारात द्यायचं ठरवलं. मला ते सहन होईना. मी घड्याळ परत केलं आणि बस मागितली!

घरी येऊन बायकोला सांगितलं, "अगं, हिचं मी फिरतं घर करणार! आत पलंग, ओटा, मोरी, सगळं! मग तुला घेऊन थेट समुद्रावर!"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी मला आत तरी बसवा."

हा टोमणा मला लागू होता. सव्वीस वर्षं ती पहाटे पाचला उठून माझा डबा करत होती, पण त्या बसमध्ये तिने पाऊल ठेवलं नव्हतं. शाळेचा नियमच होता, बसमध्ये बाहेरचं माणूस घ्यायचं नाही. आणि मी पडलो नियमाचा पक्का! एकदा ती भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन भर उन्हात चालत येत होती. मी बस हळू केली, हॉर्न वाजवला, मान हलवली आणि पुढे निघून गेलो. त्याला पंधरा वर्षं झाली असतील. तो हॉर्न तिला अजून ऐकू येतो.

म्हणून हे घर मला तिच्यासाठी करायचं होतं. पण मध्ये एक अडचण होती. वाहन कार्यालयाने पत्र पाठवलं की बसचं वय झालेलं आहे. ती शाळेची बस राहिलेली नसून राहतं घर झालेली आहे, हे तपासणीत सिद्ध करा. सिद्ध झालं तर दाखला, नाही झालं तर गाडी भंगारात. तारीख एकच, संधी एकच. पत्र वाचून बायकोने समुद्रासाठी बाहेर काढलेली पिशवी पुन्हा कपाटावर ठेवून दिली.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "दाखला माझ्या खिशात आहे असंच समज!"

चार महिने मी राबलो. बस आमच्या गल्लीत, गोदामाच्या भिंतीला चिकटवून उभी केली होती. इतकी चिकटवून, की मधून जाताना मांजरालाही अंग चोरावं लागायचं. डावी बाजू भिंतीकडे, त्यामुळे पुढचं दार उघडायची सोय नाही. पण मी अडून बसणारा माणूस आहे का? मागचं आपत्कालीन दार हेच घराचं मुख्य दार ठरवलं आणि त्याला तीन लाकडी पायऱ्या ठोकल्या. मग पुढच्या दाराचं काय करायचं? तिथे पायऱ्यांचा खोल खड्डा होता. मी त्यात मोरी केली! खड्डा आयता, उतार आयता, पाणी खाली सोडायला एक भोक पाडलं की झालं. माझ्या सीटच्या बाजूने जाड पडदा लावला. असं डोकं कोणा इंजिनियरचंही चाललं नसतं.

सीट काढून मागे पलंग केला, मध्ये ओटा केला, वर सामानाचा माळा केला. एकच जुनी सीट ठेवली, खिडकीजवळची, बायकोसाठी. पुढचं दार उघडायचा दांडा माझ्या सीटशेजारीच होता. "तो कशाला ठेवताय? उगीच अडतो," असं ती म्हणाली. पण सव्वीस वर्षं जो दांडा ओढला, तो कापून टाकायला माझा हात धजेना.

रंगाऱ्याला मी बजावून सांगितलं, "दिसेल तेवढं सगळं आकाशी करायचं! पिवळा ठिपका राहता कामा नये!" तो शब्दाचा पक्का निघाला. त्याला दिसलं तेवढं सगळं त्याने आकाशी केलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सासरे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. निवृत्त गणिताचे मास्तर. जावयाचं कुठलंही उत्तर चुकीचंच असणार, या खात्रीने ते माझ्याकडे बघतात. त्यांनी आत येऊन पलंग दाबून पाहिला, ओट्यावर टिचकी मारली आणि मोरीसमोर थांबले.

"जावईबापू, ही शोभेची आहे का? चालत्या गाडीत इथे आंघोळ होईल?"

"होईल म्हणजे? उद्या सकाळी तुम्हीच करा! तीसच्या वेगाने गाडी चालवतो. बादलीतला थेंब बाहेर पडला तर विचारा!"

"विचारीनच," नाना म्हणाले.

तपासणीची वेळ दहाची. कार्यालय अर्ध्या तासावर. मी सव्वासातला गाडी सुरू केली, कारण वेळेच्या बाबतीत मी कसा आहे ते तुम्हाला कळलंच असेल. बायको ठेवणीतली साडी नेसून खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर. नानांनी शर्ट-पँट घडी करून पलंगावर ठेवली, चष्मा त्यावर ठेवला, आणि पंचा गुंडाळून, साबण घेऊन पडद्याआड गेले.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. काय सांगू तुम्हाला! उजव्या आरशात आकाशी रंग नुसता झळकत होता. डाव्या आरशात पाहिलं तर पिवळा दिसत होता. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. सव्वीस वर्षं त्या आरशात मी पिवळाच बघत आलो होतो!

चौकात कार्यालय उजवीकडे. मी डावीकडे वळलो. म्हणजे मी नाही, हात वळले.

"अहो, कार्यालय इकडे आहे?" मागून आवाज आला.

"जवळचा रस्ता आहे," मी म्हटलं. चुकीचं वळण घेतलं असं कबूल करणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय.

दोन मिनिटांत पहिला थांबा आला. पायाने ब्रेक दाबला. हाताने दांडा ओढला. मला कोणी काही विचारलंच नाही! चार महिन्यांनी पुढचं दार खाड्कन उघडलं.

बाहेर चार मुलं, दोन आया आणि काठी टेकून उभे असलेले एक आजोबा. आत नाना. डोक्यापासून पोटापर्यंत फेस, डोळे गच्च मिटलेले, हातात तांब्या.

"जावईबापू, पाणी ठीक आहे," नाना म्हणाले, "पण वारा कुठून येतोय?"

"गुड मॉर्निंग, सर!" चारही मुलं एका सुरात ओरडली.

"बसा खाली," नाना म्हणाले. चाळीस वर्षांची सवय! मग त्यांनी एक डोळा उघडला. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की बादलीतलं पाणी बरंच बाहेर पडलं, आणि मी दांडा ओढून दार लावून टाकलं.

तोवर एक आई माझ्या खिडकीपाशी धावत आली. "काका, अगदी वेळेवर आलात हो! नवी बस बंद पडलीय. आपापल्या सोयीने या, असा शाळेचा निरोप आलाय. आणि बघते तर तुम्ही!"

"अहो, पण ही आता शाळेची बस नाही," मी म्हटलं. "हे घर आहे!"

तिने पुढून वाकून गाडीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. माझी थट्टा ऐकल्यासारखी. ती का हसली हे मला तेव्हा कळलं नाही.

दरम्यान मुलं दिसेनाशी झाली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्यांच्याकडून सराव करून घ्यायचो. पुढचं दार अडलं तर काय करायचं? मागच्या दाराकडे जायचं! रांगेत! ढकलायचं नाही! धाकट्याचा हात थोरल्याने धरायचा! पुढचं दार अडलेलं तर त्यांनी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मागे वळून बघतो तो चारही पोरं मागच्या पायऱ्या चढून, रांगेत, धाकट्याचा हात धरून आत आली होती. माझे डोळे भरून आले हो! त्यांना खाली उतरवणं मला जमलंच नाही.

"आता काय करायचं?" मी बायकोला विचारलं.

"काय करायचं म्हणजे? शाळेत सोडायचं," ती म्हणाली. एका चिमुरडीला तिने मांडीवर घेतलंसुद्धा होतं. "दहाला वेळ आहे अजून."

चार मुलं घेतली आणि पुढच्या थांब्यावरच्या तिघांना हात हलवून निघून गेलो, हे शोभतं का? मी ते एकदा केलंय आणि त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. दुसऱ्या थांब्यावर तीन. तिसऱ्यावर दोन. तिथे न्हावी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि आत जाऊन काटे फिरवले. प्रत्येक ठिकाणी हात दांड्याकडे जायचा आणि पडद्याआडून ओरड यायची, "खबरदार!"

नानांची पंचाईत झाली होती. कपडे मागे पलंगावर आणि पलंगावर पोरं. पडदा सोडून बाहेर यायची सोय नाही. पण आत गप्प बसतील तर ते नाना कसले! पाचव्या थांब्यानंतर पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "सतराचा पाढा कोणाला येतो?" आणि सतरा एके सतरा सुरू झालं. पलंगावरून, ओट्यावरून, माळ्यावरून! मी गाडी वीसच्या वर नेली नाही. गाडीच्या पोटात पोरं असली की माझा पाय आपोआप हलका होतो.

आणि बायको! तिच्याकडे बघायला मला आरसा अपुरा पडत होता. समुद्रासाठी घेतलेले बिस्किटांचे पुडे तिने फोडले होते. "तोच का तू, खिडकीतून चप्पल टाकणारा? आणि उलटी होईल म्हणून पुढे बसणारी ती कोण?" सगळ्यांची तिला माहिती! मी रोज जेवताना जे सांगायचो, ते तिने ऐकलेलं होतं. मला वाटायचं ती हो हो करते आणि भांडी मोजते.

सातव्या थांब्यावर गाडी जरा जास्त थांबली. आरशात पाहिलं तर मागच्या दारापाशी एक गृहस्थ मुलीची वेणी घालत होते. एक वेणी झालेली, दुसरी हातात, रिबन तोंडात.

"असं नाही हो," बायको म्हणाली. "द्या तिला इकडे, मी घालते. जा तुम्ही, तुम्हाला ऑफिस असेल."

"फार उपकार झाले," ते गृहस्थ रिबन तोंडातून काढत म्हणाले. "आज दहाला माझी महत्त्वाची तपासणी आहे."

हे वाक्य मी ऐकलं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण एकोणीस सेकंद जास्त झाले होते.

आठला पाच कमी असताना बस शाळेच्या फाटकात. तेवीस मुलं! रांगेत उतरली, धाकट्याचा हात धरून, एकाचंही दप्तर राहिलं नाही. शिपाई मला बघून उठून उभा राहिला. सव्वीस वर्षांत तो माझ्यासाठी कधी उठला नव्हता.

"आता मला माझे कपडे द्या," पडद्याआडून नाना म्हणाले.

बायकोने पलंगावर पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. माळ्यावर पाहिलं. कपडे नव्हते! चष्माही नव्हता!

आणि मला आठवलं. बसमध्ये कोणाची वस्तू राहिलेली दिसली तर काय करायचं? उचलायची आणि शाळेच्या कचेरीत जमा करायची! हा नियमही मीच पाठ करून घेतला होता. मी धावत कचेरीत गेलो. शिपायाने वस्तू आत फळीवर ठेवून कुलूप लावलं होतं, आणि हरवलेल्या वस्तू दुपारी शाळा सुटल्यावरच परत देतात. खिडकीच्या काचेतून मला नानांची पँट दिसत होती, अगदी व्यवस्थित घडी केलेली, वर चष्मा. पण कुलूप ते कुलूप!

घरी वळून उशिराचा धोका मी पत्करणार नव्हतो, म्हणून नानांनी पलंगावरची फुलाफुलांची चादर गुंडाळली. त्यानंतर कार्यालयापर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसले.

बरोबर दहा वाजता तपासणी अधिकारी कार्यालयाच्या आवारात आले. मी त्यांना बघितलं आणि लगेच ओळखलं. सातव्या थांब्यावरचे गृहस्थ! शर्टाच्या खिशातून अजून एक रिबन लोंबत होती.

त्यांनी मला ओळखलं नसावं, कारण सकाळी ते मागच्या दाराशी होते आणि मी पुढे. उजव्या बाजूने ते चालत गेले. "रंग छान दिलाय," म्हणाले. माझी छाती पुढे आली! मागून वळले. पायऱ्या पाहिल्या, मान हलवली. मग ते डाव्या बाजूला गेले आणि तिथेच उभे राहिले.

"इकडे या जरा."

मी गेलो. चार महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीची डावी बाजू पाहिली. पिवळी! ठसठशीत पिवळी! वर शाळेचं नाव, खाली 'शाळेची बस', आणि दाराजवळ 'मुलांना आधी उतरू द्या'. भिंतीला चिकटलेल्या बाजूचं रंगाऱ्याला काही दिसलं नव्हतं, त्यामुळे त्याने काही रंगवलंही नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं! घरात कोणालाच दिसलं नव्हतं!

"ही शाळेची बस नाही, राहतं घर आहे, असं तुमचं म्हणणं?" त्यांनी अर्जावर बोट ठेवलं.

"तीन बाजूंनी आहे साहेब," मी म्हटलं.

"आणि आज सकाळी माझी मुलगी मी स्वतः हिच्यात बसवली! पिवळी बाजू बघूनच बसवली. काय लिहू मी?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला बायकोची पिशवी दिसली, मांडीवर घट्ट धरलेली. खिडकीतून ती सगळं ऐकत होती. सव्वीस वर्षांनी बसली बिचारी, आणि बसली ती भंगारात निघालेल्या गाडीत!

तेवढ्यात मागचं दार धाड्कन उघडलं आणि फुलांच्या चादरीतले नाना पायऱ्या उतरले.

"माझा चहा कुठे आहे? आठ वाजता चहा लागतो मला! दहा वाजले!"

"बाबा, जरा थांबा ना, साहेब आलेत," बायको मागून आली.

"साहेब आले म्हणून मी उपाशी राहू? एक तर माझी पँट घालवली यांनी!"

"मी घालवली?" माझा तोल गेला. "पलंगावर कोणी ठेवली? खुंटी केलीय ना त्यासाठी!"

"खुंटी? ती बघा तुमची खुंटी, दुसऱ्या थांब्यालाच गळून पडली!"

"दोघंही गप्प बसा!" बायको कडाडली. "तुम्ही चादर नीट धरा! आणि अहो, तुम्ही! एक बाजू रंगवायची राहिली आणि चार महिन्यांत कळलं नाही? दूध कुठे ठेवलंत तेही कळत नाही! चहा करायचा कशाचा मी?"

"ओट्याखाली ठेवलंय!"

"ओट्याखाली तुमचे पाने आणि स्क्रू आहेत! तिथे दूध ठेवतात?"

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. नानांनी माझ्या लग्नापासूनच्या चुका काढल्या. बायकोने तो हॉर्न काढला. मी नानांच्या घोरण्यावर घसरलो. आमच्या मध्ये एक सरकारी अधिकारी उभा आहे, हे आम्ही तिघंही साफ विसरलो होतो!

दम लागला तेव्हा लक्षात आलं. अधिकारी शांतपणे अर्जावर काहीतरी लिहीत होते.

"साहेब, माफ करा," मी हात जोडले.

"माफी कसली," ते म्हणाले. "बारा वर्षं तपासणी करतोय. पलंग, ओटा कोणीही ठोकतं. इतकं अस्सल घर मी पहिल्यांदा पाहिलं." आणि त्यांनी शिक्का मारला! 'राहते घर. प्रत्यक्ष वापरात.' खाली लिहिलं, 'डावी बाजू रंगवावी.'

मी नाचायचाच बाकी होतो. पण ते घुटमळले. "आता एक अडचण झाली. हे घर ठरलं, म्हणजे शाळेची मुलं यातून नेता येणार नाहीत. आणि माझी मुलगी दुपारी घरी यायची कशी?"

"घरात पाहुणे आलेले चालतात ना?" बायकोने विचारलं.

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटलं. "पाहुण्यांबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

फाटकातून बाहेर पडलो. उजवीकडे मोठा रस्ता, थेट समुद्राकडे जाणारा. सात तासांचा. मी गाडी थांबवली, दाखला तिच्या हातात दिला आणि ऐटीत विचारलं, "बोल! कुठे नेऊ तुला?"

ती दाखला दोनदा वाचून म्हणाली, "तीन वाजेपर्यंत कुठेही."

"तीन वाजेपर्यंत?"

"तीनला मुलं सुटतात ना. मी सगळ्यांना सांगून बसलेय, मी न्यायला येते म्हणून."

"अगं, पण समुद्र!"

"समुद्र काय, उद्याही तिथेच असेल. तुम्ही इतकी वर्षं रोज ज्यांच्या गोष्टी सांगितल्यात ना, त्यांना मला परत जाताना पण बघायचंय." आणि मग जरा लाजून म्हणाली, "या सीटवरून छान दिसतं हो सगळं."

मी गाडी डावीकडे वळवली. या वेळी हातांनी नाही, मी स्वतः.

तर मंडळी, आमच्या फिरत्या घराचा पहिला मुक्काम घरापासून साडेचार किलोमीटरवर, शाळेच्या कुंपणाबाहेरच्या झाडाखाली पडला. वाटेत दूध घेतलं, चहा झाला. नाना चादरीत गाढ झोपले. एवढ्यात बायकोच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. मी मान खाली घातली. समुद्रावर जाणार म्हणून मी तिला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं!

"हो गं, निघालो आम्ही!" बायको फोनवर सांगत होती. "आताच पोहोचलो. नाही, समुद्र नाही. पण काय जागा शोधलीय यांनी! समोर एवढं मोठं मैदान आहे!"

मी मान वर करून पाहिलं. मैदान खरंच मोठं होतं.